माफीची बाहुली

वालेन्सिया, ३ नोव्हेंबर

फिने,

तुझं पत्र येऊन कितीतरी दिवस झाले आणि मी आज लिहायला बसलेय, तेव्हा आधी मला चार शिव्या घालून घे. घातल्यास? आता वाच.

तुझी चारो मजेत आहे. आठ वर्षांची घोडी झाली, पण गुडघ्यावरची एक खपली निघायच्या आत दुसरी तयार. शाळेतून आली की दप्तर फेकते आणि गल्लीतल्या पोरांच्या टोळीत घुसते. आत्तापासूनच ती कार्टी दारोदार फिरायला लागलीत, "जुनी चटई द्या, मोडकी खुर्ची द्या, होळीला काहीतरी द्या!" परवा त्या म्हाताऱ्या चांभाराचं स्टूल ओढलं, आणि म्हातारा वर बसलेला! मी हसून हसून मेले. त्याचं कंबरडं अजून धरलेलं आहे म्हणतात.

आणि मोठी बातमी. तुझे भावजी यंदा आपल्या दोरवाल्यांच्या गल्लीच्या होळीचे अध्यक्ष झाले. बाप्तिस्त, ज्याला घरात स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो अध्यक्ष! म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. होळीत जाळायच्या बाहुल्यांचे कपडे मीच शिवणार, पाट्यांवरची यमकं मीच जुळवणार. बाहुल्या करायला वोरो आहेच, पण त्या बिचाऱ्याचं डोकं यंदा चालत नाही. चालणार कसं? महापौर नको, पाद्री नको, शिपाई नको, सरकारचं तर नावच नको. चित्रं आधी कचेरीत दाखवायची, आणि तिथला साहेब लाल पेन्सिल परजून बसलेला. गेल्या वर्षी कोळ्याच्या बाहुल्याची मिशीसुद्धा कापायला लावली, का, तर कुणासारखी तरी दिसते. मग उरलं कोण? आपणच की. जाडी दूधवाली, बायकोचा मार खाणारा शिंपी. लोकांना हसायचं असतं गं, आणि ज्याला हसल्यावर तुरुंगात जावं लागत नाही असं कुणीतरी त्यासाठी लागतं.

तर काम असं की तुझी पेटी उघडली. निळ्या कोटाला कसर लागायला आलीय. देऊ का होळीला? आणि तुझा एखादा फोटो पाठव. पोरगी विचारते, आईचं नाक कसं होतं. तीन वर्षं झाली, तिला तरी कुठवर आठवणार?

तुझी,
रेमेई


ल्यों, २० नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी राहून वाचलं आणि चांभाराच्या स्टुलाच्या गमतीला इतकी मोठ्यानं हसले की मादामनं घंटी वाजवली. इथं कुणी मोठ्यानं हसत नाही.

चारोला माझं नाक आठवत नाही हे वाचून मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोटो पाठवतेय. मादामच्या भाच्यानं काढला. ओळखशील ना? केस कापलेत. घाबरू नकोस, इथं सगळ्या कापतात, आणि चुलीपाशी बरं पडतं. हातातलं ते मादामचं कुत्रं, बिझू. सकाळ-संध्याकाळ त्याला नदीवर फिरवायचं माझ्याकडे. ताई, तुला म्हणून सांगते, कुणाला सांगू नकोस, मी त्याच्याशी आपल्या भाषेत बोलते. दिवसभरात तेवढंच आपलं बोलणं होतं. त्याला मी चारोच्या गोष्टी सांगते. ते कान टवकारून ऐकतं आणि मग बूट चाटतं. आणि मी सिगरेट ओढते हे पण सांगून टाकते, म्हणजे नंतर बोलायला नको. एक दुपारी, एक रात्री. थंडी तशी आहे.

आता खरी गोष्ट. ताई, मादामनं वरची खोली द्यायचं कबूल केलं! चारोसह! खिडकी लहान आहे, पण खिडकी आहे, आणि कोपऱ्यावरच शाळा. मी मार्चमध्ये येते, होळीला, आणि येताना तिला घेऊनच परत जाते. एवढ्यात तिला सांगू नकोस, ती हुरळून जाईल आणि मग दिवस मोजत बसेल. तिचं पारपत्र करायला आपल्या पाद्रीबुवांचा दाखला लागेल, आई चांगल्या वळणाची आहे असा. तू एवढं बोलून ठेवशील ना? तुझं ते ऐकतात.

कोट देऊन टाक. फक्त शिंपल्याची बटणं तेवढी काढून ठेव. ओरेलियोनं आणली होती, आमच्या लग्नाच्या वर्षी. चारोकडे बापाचं तेवढंच राहील.

तीन वर्षं तू माझ्या लेकीला पोटाशी धरलंस, ते कसं फेडू मी?

तुझी,
फिना


वालेन्सिया, ८ डिसेंबर

फिने, फिने, फिने!

पत्र वाचलं आणि खालीच बसले. आनंदानंच गं. बाप्तिस्तला वाटलं कुणी मेलं. चारोला काही बोलले नाही, तू सांगितलंस ना, मग माझ्या तोंडाला कुलूप. पाद्रीबुवांशी बोलेन सवडीनं, सध्या त्यांच्या डोक्यावर नाताळ बसलाय.

फोटो काय सुरेख आलाय! केस कापल्यावर तू अगदी पुस्तकातली बाई दिसतेस. चारो उशाखाली घेऊन झोपते. सध्या वोरोकडे आहे, चौकट करायला. तो तर बघतच राहिला. म्हणाला, या चेहऱ्यात मेणाला करण्यासारखं पुष्कळ आहे. वोरोला ठाऊक आहेस ना तू, माणूस दिसलं की त्याला मेणच दिसतं.

अगं, ते कुत्रं मला फार आवडलं. सविस्तर लिही बघू त्याच्याबद्दल. खातं काय? झोपतं कुठं? थंडीत त्याला काही घालता का? चारोला रोज रात्री गोष्ट लागते, मी तिला बिझूच्या सांगत जाईन. आणि सिगरेट तू कुठल्या हातात धरतेस? हसू नकोस, मला चित्र डोळ्यांपुढे यायला हवं.

तुझ्यासाठी यंदाच्या होळीत एक गंमत करायचं ठरलंय. सान जोसेपचा दिवस म्हणजे जोसेफिनांचाही दिवस, म्हणजे तुझ्या नावाचा. आणखी काही विचारू नकोस. बघशील तेव्हा तोंडात बोट घालशील.

रेमेई


ल्यों, ११ जानेवारी

प्रिय ताई,

माझ्या नावाच्या दिवशी गंमत! मला लहानपणासारखं झालं बघ. आठवतं, मी सहा वर्षांची असताना तू मला खांद्यावर घेऊन होळी दाखवली होतीस आणि माझे केस होरपळले होते? आईनं तुला झोडपलं, आणि तू म्हणालीस, फिना हसत होती की.

बिझूचं सगळं सांगते. कोंबडीची कलेजी खातं, चिरून द्यावी लागते. झोपतं मादामच्या पायथ्याशी, रेशमी उशीवर. थंडीत हिरवा लोकरी कोट घालतं, कडेला वेलबुट्टी, तो मीच विणलाय. त्याला उचलूनच जिना उतरायचा, पायऱ्या त्याला चालत नाहीत. मी हे काम करते म्हणून मला कधी कधी स्वतःचाच राग येतो. आपली पोर तिकडे आणि मी दुसऱ्याचं कुत्रं कडेवर घेऊन फिरतेय. पण मग म्हणते, या कुत्र्याच्याच जिवावर खोली मिळालीय.

सिगरेट डाव्या हातात. तुझं आपलं काहीतरीच.

पार्सल पाठवलंय, चारोसाठी तांबडे बूट. बक्कल चांदणीच्या आकाराचं आहे. दुकानाच्या काचेआड रोज बघत होते, शेवटी घेतलेच. अंदाजानं घेतलेत, पायाचं माप मला ठाऊक नाही. आईला लेकीच्या पायाचं माप ठाऊक नाही, काय म्हणावं? घातल्यावर कशी दिसते ते लगेच लिही. ते बूट घालूनच तिला आगगाडीत बसवायची आहे मला.

पाद्रीबुवांचं काय झालं?

फिना


वालेन्सिया, १० फेब्रुवारी

फिने,

पार्सल पोचलं. बूट घालून चारो गल्लीभर नाचली, लोक गॅलऱ्यांतून बघत होते. पाद्रीबुवा म्हणाले, सण होऊ दे, मग बघू.

जास्त लिहायला वेळ नाही. बाहुल्यांचं प्रदर्शन सुरू झालंय. तुला ठाऊकच आहे, शहरातल्या प्रत्येक गल्लीनं आपली सगळ्यात चांगली बाहुली पाठवायची आणि बघणाऱ्यांनी मत टाकायचं. जिला सगळ्यांत जास्त मतं, तिला माफी, ती जळत नाही. आपल्या गल्लीला आजवर कधी मिळालीय? तरी यंदा आपल्या बाहुलीपुढे गर्दी आहे. वोरो छाती काढून चालतो.

चारोनंही मदत केली हो. वोरोपुढे चार दुपारी न हलता उभी राहिली, खारे बदाम खात. गुणी पोर आहे. माझ्या वळणाची.

रेमेई


ल्यों, २७ फेब्रुवारी

रेमेई,

ताई म्हणायला जीभ वळत नाही.

रविवारी प्रार्थना झाल्यावर आम्ही आपल्याकडच्या साऱ्या मोलकरणी चर्चमागच्या अंगणात बसतो. एन्कार्नाला घरून सॉसेजं आली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिनं कागद सरळ केला आणि म्हणाली, अगं बायांनो, बघा आपल्याकडच्या बाहुल्या! फोटो हातोहात फिरला. पाटी तिनं मोठ्यानं वाचली, "कुत्रं कडेवर, पोर वाऱ्यावर." सगळ्या हसल्या. मीही हसले. ऐकलंस? मीही हसले! मग कागद माझ्या हातात आला.

आधी बटणं दिसली. शिंपल्याची. मग कोट. मग केस, सिगरेट, डावा हात. वेलबुट्टीच्या कोटातलं कुत्रं. आणि मग माझं स्वतःचं नाक दिसलं. वोरोच्या हाताला काय म्हणावं! मी मान वर केली तेव्हा हसणं थांबलं होतं आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एन्कार्ना म्हणाली, फिने, ही तू आहेस का गं?

आणि माझी पोर. माझी चारो, मेणाची, कोटाचं टोक धरून मागे फरफटत चाललेली. अनवाणी. आणि कुत्र्याच्या पुढच्या दोन पायांत बूट. बक्कल चांदणीचं. फोटोत रंग नव्हता, पण मला तांबडा दिसला.

तिनं नाच केला म्हणालीस तू. गल्लीभर.

ओरेलियो गेला तेव्हा मी तुझ्या दाराशी बसून रडले होते. "जा तू, चार वर्षं कमव, मी आहे ना पोरीला," हे कोण म्हणालं होतं? तूच ना? माझी पिशवी तू भरलीस. स्टेशनवर चारो माझ्या गळ्याला मिठी मारून बसली होती, तिची बोटं एकेक करून तू सोडवलीस. त्याची करायची होतीस ना बाहुली! मी तुला बहीण म्हणून जे जे लिहिलं ते तू पाटीवर लावलंस. माझं रडणं तू यमकात बसवलंस.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. भांडून मला माझी मुलगी मिळणार नाही. फक्त एवढंच कर, ती बाहुली जळू दे. आपल्याकडे राख झाली की त्या वर्षाच्या बाहुल्यांवरून कुणी कुणाशी भांडत नाही. दूधवालीसुद्धा दुसऱ्या दिवशी वोरोला दूध घालतेच. मार्चच्या एकोणीसला सगळं जळेल, शहर विसरेल, मीही विसरल्यासारखं करीन. वीस तारखेला दुपारी मी दारात उभी राहीन. चारोला न्हाऊ घालून तयार ठेव. तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, पोरीला घेईन आणि जाईन.

फिना


वालेन्सिया, ५ मार्च

फिने,

बाई गं, काय हा तोफखाना! टपालवाल्याच्या हाताला चटका बसला असेल. थट्टा होती ती. तुला थट्टाही कळेनाशी झाली तिकडे राहून? पाटीवर तुझं नाव आहे का? नाही. शिंप्याच्या बाहुल्याला लाटण्यानं झोडपतोय आम्ही, तो स्वतः बायकोला घेऊन बघायला आला, बायकोनं विचारलं, लाटणं एवढं बारीक का केलंत? असं घ्यायचं असतं गं सणाचं.

बुटांचं म्हणशील तर लहान झाले. टाचेला लागत होते. नाचली असं मी तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून लिहिलं. चारोला दाखवलेच नाहीत, उगाच हिरमुसली असती. मग वाया का घालवायचे? कुत्र्याला अगदी बसले.

आणि आता तू तोंड उघडलंच आहेस तर मीही बोलते. मला देवानं मूल दिलं नाही. किती नवस केले, किती मेणबत्त्या जाळल्या, तुला ठाऊक आहे. तुला पहिल्याच वर्षी दिलं, आणि तू ते माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेलीस. गोवर आली तेव्हा कोण जागलं? पहिला दात पडला तो कुणाच्या तळहातावर? मला ती झोपेत 'आई' म्हणते. मग एक दिवस तुझं पत्र येतं, खोली मिळाली, खिडकी आहे, घेऊन जाते. जशी काही मी कपाट आहे, सामान ठेवलं होतं, आता काढून न्यायचं! बस, तेवढ्यावरून मी वोरोकडे गेले. गेले तर गेले. खोटं काय आहे त्या बाहुलीत? कुत्रं तुझ्या कडेवर नाही? पोर अनवाणी नाही, पण पोर तुझ्याजवळ आहे का?

पण तू म्हणतेस तसंच होईल. अध्यक्षाची बायको म्हणून शब्द देते, मी स्वतः वात लावीन. माफीबिफीची काळजी नको. एक फक्त अडचण आहे, तुला सांगून ठेवते. चारोला कुणीतरी सांगितलं की मतं मिळाली नाहीत तर आई जळणार. तेव्हापासून तिनं धोसरा लावलाय. दर रविवारी प्रदर्शनात जाते, बाहुलीपाशी उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणते, ही माझी आई आहे, हिला मत द्या ना. बायका रुमालानं डोळे पुसतात. मी काय करू? पोरीचं मन मोडवत नाही. पांढरा फ्रॉक घालून नेते, थंडी असते म्हणून वर शाल.

रेमेई


ल्यों, १२ मार्च

रेमेई,

तिला तिथं उभी करू नकोस. तुझ्या पाया पडते. मला हवं ते म्हण, वेश्या म्हण, चेटकीण म्हण, पण तिला तिथं उभी करू नकोस. ती मला वाचवायला बघतेय, आणि तिला कुणी सांगत नाहीये की मला जळायचं आहे.

तिला जवळ घे आणि एवढं सांग, आई मेणाची नाही, आई येतेय.

मादामनं रजा दिली. अठराला निघते, वीसला सकाळी पोचते. पाद्रीबुवांना मी इथूनच पत्र टाकलंय. तू त्यात पडू नकोस.

फिना


वालेन्सिया, १५ मार्च

फिने,

अभिनंदन! तुला माफी मिळाली!

काल निकाल लागला. दुसऱ्या नंबरच्या बाहुलीला तुझ्या निम्मीसुद्धा मतं नाहीत. इतक्या वर्षांत दोरवाल्यांच्या गल्लीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, काल बँड घेऊन लोक दारात आले. बाप्तिस्त रडला. वोरोनं तर तुझ्या मेणाच्या हाताचा मुका घेतला. जाडी दूधवाली तेवढी म्हणाली, माझं नशीब बरं, मी जळतेय.

मी शब्द मोडला नाही, एवढं लक्षात ठेव. वात लावायला मी तयारच होते, पण शहरानं मागून घेतल्यावर आपण कोण? आता तू संग्रहालयात उभी राहणार, दोरीच्या आड, खाली पितळी पाटी. आपण सगळे मरून जाऊ, तू तिथंच. मला तर हेवा वाटतो.

चारोनं निकाल ऐकला आणि अशी किंचाळली, मला वाटलं पडली. म्हणाली, मी आईला वाचवलं! गल्लीनं तिला खांद्यावर घेतली.

पाद्रीबुवांनी निरोप दिलाय तो जशाचा तसा लिहिते. म्हणाले, जळून गेली असती तर मीही विसरलो असतो. पण जी अनवाणी पोर रोज शेकडो लोक बघणार, तिच्या आईचं वळण चांगलं आहे असा दाखला मी कुठल्या तोंडानं देऊ? माझी सहीसुद्धा लोक वाचतील. त्यांचंही बरोबरच आहे गं.

तार करणार होते, पण एवढं सगळं तारेत मावत नाही. हे पत्र तू निघायच्या आत पोचलं तर पोचलं. वीस तारखेला आम्ही घरी नसू, बाप्तिस्तच्या भावाकडे तळ्यावर जातोय, बदकाचा भात करणार आहेत. किल्ली कुणाकडेच ठेवली नाही.

तुझ्या नावाच्या दिवसाच्या शुभेच्छा.

रेमेई


वालेन्सिया, ३० एप्रिल

प्रिय आई,

हे पत्र मी एकटीनं लिहितेय, मावशीनं फक्त काही शब्द सांगितले. मावशी म्हणते तुझं पत्र येत नाही कारण तुला आता वेळ नसतो. तरी मी लिहिते.

आई, तू जळणार नाहीस! मी वाचवलं तुला. मी सगळ्यांना सांगत होते. एका आजोबांनी मला संत्रं दिलं आणि त्यांच्या घरच्या सगळ्यांची मतं तुला टाकली. दूधवाल्या काकूची बाहुली जळली तेव्हा तिचा चेहरा आधी वितळला, नाक खाली आलं. मला भीती वाटली. मग मला आठवलं की तू तिथं नाहीस, आणि मी भोपळ्याची बोंडं खाल्ली.

दर रविवारी मी तुला बघायला येते. पहारेकरी काका मला तिकीट लावत नाहीत. ते म्हणतात, ही तर इथलीच आहे.

सणानंतरच्या रविवारी तिथं एक वेडी बाई आली होती. डोक्यावर काळा रुमाल, सुजलेले डोळे. ती दोरी ओलांडून आत गेली आणि बिझूच्या पायांतले बूट ओढून काढायला लागली. एक निघाला. मग ती खाली बसली आणि तो माझ्या पायात घालायला लागली, म्हणजे मेणाच्या मला. तो जात नव्हता, पाय खाली फळीला चिकटवलेला आहे. माझ्या पायाची करंगळी तुटली. पहारेकरी काकांनी तिला दंडाला धरून ओढलं. मी ओरडले, "माझ्या आईला हात लावू नकोस!" मग तिनं मला बघितलं. तिनं मला चारो म्हटलं. तिला माझं नाव कसं ठाऊक, पाटीवर तर ते नाहीये. ती हात पसरून माझ्याकडे यायला लागली. मी मावशीच्या मागे लपले. ती तुझ्यासारखी मुळीच दिसत नव्हती, तू तर सुंदर आहेस. मावशी म्हणाली, अशा बाया येतातच, बघू नये. काकांनी तिला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. ती बाहेरून बराच वेळ दार वाजवत होती.

वोरोकाकांनी दुसऱ्या दिवशी बिझूचा बूट परत घातला. खिळा मारलाय, आता निघणार नाही. माझी करंगळी लावायची राहिली. ते म्हणाले, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आई, ते बूट फार छान आहेत. तसले मलाही पाठवशील का? मावशी म्हणते, तू पाठवायची नाहीस.

मावशीनं विचारलं, तुला दूरच्या गावी जायचंय का? मी नाही म्हटलं. मी गेले तर रविवारी तुझ्याकडे कोण येणार? आणि मावशीला मी आता आईच म्हणते, म्हणजे तुला वाईट वाटायला नको म्हणून सांगते. तुला इथं ऐकू जात नाही.

तुझ्या एका हातात कुत्रं आहे आणि एका हातात सिगरेट, म्हणून तुला माझा हात धरता येत नाही. पण मी तुझा कोट धरलाय. वोरोकाका म्हणाले, डिंक पक्का आहे, कधीच सुटणार नाही.

तुझी,
चारो